तोंडातलं सोनं

अनय, तो टॉर्च माझ्या तोंडावर मारू नकोस, खाली ठेव. वारा सुटलाय, वणवा लागू नये म्हणून लाईट काढलेत, अकराच्या आत येणार नाहीत असा मेसेज आलाय. तेव्हा गप बसा आता घरामागच्या डेकवर. नेत्रा, चिवडा खायचा असेल तर आत्ताच खाऊन घे, नंतर खाववणार नाही. गोष्ट भुताची आहे, हो. पण खरं सांगू? मला त्यातल्या भुताची भीती वाटत नाही. त्यातल्या माणसाची शिसारी येते. आणि तो माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

श्रीरंग त्याचं नाव, मूळचा नागपूरचा. चार वर्षं आम्ही एकाच गाडीतून ऑफिसला जायचो. बायको रुपाली, आणि खूप वर्षांनी झालेली मुलगी रुचा. मुलगा वाईट नाही, पण हौसेपायी वाहवत जाणारा.

मागच्या वर्षीची गोष्ट. सतरा ऑक्टोबर, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी, आणि त्याच मुहूर्तावर रुचाचं उष्टावण. तुम्हां दोघांचंही झालंय, तुमच्या आईला विचारा. बाळाला आयुष्यातला पहिला घास भरवायचा. मामाने मांडीवर घ्यायचं आणि सोनं खिरीत बुडवून जिभेला लावायचं. मामा, म्हणजे रुपालीचा भाऊ नकुल, रात्रीच्या फ्लाइटने पिस्कॅटवेहून यायचा होता. खीर रुपाली करणार होती. श्रीरंगला काम एकच दिलं होतं: ऑबर्नला जाऊन रुपालीच्या ओळखीच्या नीलांबरीकाकूंकडून खिरीसाठी चांदीची वाटी आणायची. फोल्सममधल्या त्याच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. सातला येतो असं त्याने काकूंना कळवलं होतं, आणि घरातून निघाला मात्र चारला.

कारण डिकीत मशीन होतं.

सोनं शोधायचं मशीन. लांब दांडी, टोकाला ताटलीएवढी चकती, कानाला हेडफोन. जमिनीवरून चकती फिरवायची, खाली धातू असेल तर कानात सूर वाजतो. एप्रिलमध्ये घेतलं होतं. तेव्हापासून एकही शनिवार हा माणूस घरी नाही. सहा महिन्यांत त्याला काय मिळालं? गंजके खिळे, बियरची बुचं, सोड्याच्या डब्यांचे कान, बंदुकीचे शिशाचे छर्रे, गळ. एकदा छान सूर लागला म्हणून कोपरभर खणलं, तर खाली कोणीतरी पुरलेलं डायपर आणि त्यात गुंडाळलेला टिनचा डबा. हेही त्याने बोटांनी उकरून पाहिलं! का, तर यूट्यूबवर सांगतात, नवशिक्याने प्रत्येक सूर खणायचा. कचरा समजून सोडलेला सूरच सोनं निघतो म्हणे.

त्याला गुरूही तसाच भेटला होता. वॉल्ट नावाचा गोरा म्हातारा, नदीकाठी सोनं शोधत फिरणारा. कायम तंबाखूचा तोबरा. चकती जमिनीलगत ठेव, हळू फिरव, खणलेला खड्डा बुजव, हे सगळं त्यानेच शिकवलं. आणि एक जास्तीची गोष्ट शिकवली. ‘‘पहिलं सोनं खिशात टाकू नकोस,’’ तो म्हणाला, ‘‘खिशातून पडतं. गालात ठेव. माती चोखून निघते आणि सोनं हरवतही नाही.’’ असं म्हणून त्याने तोंडात बोट घालून गालातून हरभऱ्याएवढा खडा काढला आणि त्या तपकिरी लाळेसकट श्रीरंगच्या तळहातावर ठेवला. मी असतो तर तिथेच ओकलो असतो. श्रीरंगच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. देवदर्शन झाल्यासारखं सांगत होता मला.

मग काय, घोषणाच केली त्याने. ग्रुपवर टाकलं. ‘माझ्या मुलीच्या जिभेला दुकानातलं सोनं लागणार नाही. बापाने जमिनीतून काढलेलं लागेल.’ सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी पाठवले, आणि मग तो शब्द त्याच्या गळ्यातच पडला. रुपाली म्हणायची, ‘‘श्री, प्लीज यार, माझी रिंग आहे ना, ती वापरू.’’ ऐकतो कोण? शुक्रवारची संध्याकाळ ही त्याची शेवटची संधी होती.

त्या नदीचं नाव मी सांगणार नाही, नाहीतर रविवारी तुम्हीच तिथे जाऊन उभे राहाल. मशीन चालवायची परवानगी एका पाटीपर्यंत आहे. श्रीरंग पाटीपलीकडे अर्धा मैल गेला. तिथे दोन नद्या एकमेकींना मिळतात. पाण्याचा जोर तिथे मोडतो, जड असेल ते तळाला बसतं. हिशेब बरोबर होता त्याचा. गोट्यांचा लांबलचक पट्टा, चिटपाखरू नाही. एका खडकाच्या खोबणीत नारळ अडकलेला होता, शेंडीचा. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात शेंडीचा नारळ कुठून आला, हा प्रश्न इंजिनिअर माणसाला पडायला हवा होता. नाही पडला. हाव सुटली की माणसाला फक्त पायाखालचं दिसतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी सूर लागला. अगदी बारीक आणि स्वच्छ. खिळ्याचा सूर तुटक असतो, हा गोल होता. त्याने खणायला सुरुवात केली. चार बोटं, सहा बोटं. वाळूत पांढरट काळपट बारीक कच मिसळलेली दिसली, तीही त्याने मुठीने बाजूला केली. मग खिशातून छोटा शोधक काढला. गाजराएवढा असतो तो. खड्ड्यात घातला की धातू नेमका कुठे आहे ते घूं घूं करून सांगतो. त्याच्या टोकाशी ज्वारीच्या दाण्याहून मोठं काहीतरी चमकलं. पिवळं आणि जड.

अंधारून आलं होतं. गुरूचा मंत्र आठवला. त्याने ते तोंडात टाकलं.

नेत्रा, आत्ताच तोंड वाकडं करू नकोस. खरं पुढेच आहे.

चोखलं. कचकच लागली. थुंकला. परत चोखलं, परत कचकच. त्याला वाटलं, खड्याच्या खळग्यात माती बसलीय. जिभेने उकरत राहिला. मातीची चव त्याला माहीत होती, सहा महिने तोंडाला माती लागतच होती. ही चव वेगळी होती. विझलेल्या चुलीत बोट घालून चाटावं तशी. कोरडी, आणि थोडी खारट.

तेवढ्यात समोर कोणीतरी दिसलं.

पाण्यात उभे होते एक गृहस्थ, घोटाभर पाण्यात. निळा सूट, टाय, भांग नीट पाडलेला. आपल्यातलेच वाटले, सत्तरीचे असतील. चेहऱ्यावर पावडर फार होती. श्रीरंगला आधी लाज वाटली, पाटीपलीकडे पकडलो गेलो म्हणून. गाल सावरत तो म्हणाला, ‘‘नमस्कार काका... फिरायला आलात?’’

ओठ मिटलेले. नुसते मिटलेले नाहीत, सरळ रेघेत आवळलेले. हनुवटी मात्र हलत होती. आत कोणीतरी बोलायचा जीव तोडून प्रयत्न करतंय अशी.

‘‘म्म्...’’

‘‘काय म्हणालात?’’

‘‘म्म्... म्म्...’’

त्यांनी एक बोट उचललं आणि स्वतःच्या ओठांवर ठेवलं. मग तेच बोट श्रीरंगच्या तोंडाकडे केलं.

मशीन उचलून तो पळाला. पाटी कधी मागे पडली, गाडी कधी सुरू झाली, त्याला आठवत नाही. सोनं गालातच होतं.

आता पुढचं ऐका, कारण इथून पुढे भुताचा दोष नाही. ऑबर्नच्या दिव्यांत आल्यावर त्याच्या जिवात जीव आला. कोणी वेडसर असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि सातच्या ठोक्याला काकूंची बेल वाजवली. काकू एकट्याच असतात. त्यांचे यजमान, संजयराव, जुलैमध्ये गेले; श्रीरंगने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी वाटी घासूनपुसून टेबलावर ठेवली होती. चहा टाकला आणि बोलत बसल्या. एकटं माणूस बोलतं हो. सोनं गालात म्हणून श्रीरंग नुसता मान हलवत होता.

‘‘उष्टावणाला सोनं लागतं आणि शेवटालाही लागतं बघ,’’ काकू म्हणाल्या. ‘‘माणूस गेलं की तोंडात तुळशीचं पान, गंगाजल आणि सोन्याचा कण. माझ्या हातून तेवढंही झालं नाही रे. मी मंगळसूत्रातला मणी काढून ठेवला होता. फ्युनरल होममध्ये गेलो, तर यांना सूट घालून, पावडर लावून तयार ठेवलेलं. मी तोंड उघडायला गेले, तर उघडेना. तिथला माणूस म्हणाला, मॅम, वुई हॅव क्लोज्ड इट. अरे, शिवलं होतं त्यांनी तोंड! आतून, दोऱ्याने. इथे तशीच पद्धत आहे म्हणे. आम्हांला कोणी विचारलंच नाही.’’

श्रीरंगच्या जिभेखाली मणी फिरला. त्याला भोक होतं. भोक मोकळं झालं होतं. आतली कच संपली होती, कारण ती त्याने चोखून गिळली होती.

‘‘मग भटजी म्हणाले, अस्थींबरोबर मणी सोडा. तिकडे खाली दोन नद्या मिळतात ना, त्यालाच आपले लोक संगम म्हणतात. तिथे राख सोडली, मणी सोडला, नारळ सोडला. पण मला झोप लागत नाही रे. तोंड रिकामं गेलं त्यांचं. मागितलं असेल का त्यांनी, आणि मला कळलं नसेल का?’’

बघा पोरांनो. त्या क्षणी तोंड उघडून मणी तळहातावर काढायचा आणि म्हणायचं, काकू, चुकलो. संपलं असतं. पण कसं सांगायचं? तुमच्या नवऱ्याची राख चोखत मी तुमच्यासमोर बसलोय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि शरमेच्या खाली, अगदी तळाशी, दुसरंही होतं. त्याने मला स्वतः कबूल केलं. सहा महिन्यांनी सापडलेलं पहिलं सोनं होतं ते. सोडवत नव्हतं.

‘‘घे, चहा घे,’’ काकू म्हणाल्या.

त्याने कप तोंडाला लावला आणि चहाबरोबर मणी गिळला. लोक मूग गिळून बसतात, हा सोनं गिळून बसला.

वाटी घेतली, नमस्कार केला, आशीर्वादही घेतला. आणि परत येताना दुकानात थांबून बारीक जाळीची चाळणी विकत घेतली. कशासाठी, ते मी सांगत नाही, तुम्हांला कळलंय. एवढं सगळं ऐकूनही मणी परत मिळवून धुऊन घेता येईल, असंच त्याच्या डोक्यात चाललं होतं. मला सांगताना त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, अरे, मान काय खाली घालतोस, जाऊन तोंड धू.

रात्री अकराला बाथरूममध्ये शर्ट काढून त्याने तो छोटा शोधक पोटावरून फिरवला. बेंबीपाशी घूं झालं. ठीक. खाली उतरेल उद्यापर्यंत.

शनिवारी अकराला उष्टावण. पंधरा-वीस माणसं आलेली, रांगोळी, फुगे. नकुलने रुचाला मांडीवर घेतलं. कोणीतरी विचारलंच, ‘‘काय श्रीरंग, बापाचं सोनं कुठाय?’’ तो ‘‘नाही मिळालं’’ म्हणाला. रुपालीने आपली अंगठी खिरीत बुडवून नकुलच्या हातात दिली. नकुलने ती रुचाच्या ओठांपाशी नेली.

रुचाने ओठ मिटले.

‘‘कमॉन बेबी, आ कर, आ...’’

‘‘म्म्...’’

सगळे हसले. एवढीशी पोर आणि केवढा तोरा! नकुलने परत अंगठी लावली. खीर हनुवटीवरून ओघळली. ओठ सरळ रेघेत. हनुवटी हलत होती.

‘‘म्म्... म्म्...’’

श्रीरंग हसला नाही.

दुपारी तिने दूध घेतलं नाही. आईचं नाही, बाटलीचं नाही, चमच्याने नाही. रडायची तेही बंद तोंडाने, नाकातून. डोळे भरून यायचे आणि आवाज नाही. संध्याकाळी डॉक्टरकडे नेली. त्याने हातमोजा घालून ओठांना बोट लावलं. ओठ हलेनात. ताप नाही, सूज नाही. सकाळपर्यंत दूध घेतलं नाही तर ॲडमिट करा, सलाइन लावू, असं त्याने सांगितलं. रुपालीच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘सकाळपर्यंत नुसतं बघत बसायचं का?’’ ती म्हणाली.

श्रीरंग बाथरूममध्ये गेला. शोधक पोटावर धरला. बेंबीपाशी काही नाही. खाली काही नाही. त्याला बरं वाटलं. गेला असेल.

मग शोधक सहज वर सरकला.

घूं.

फासळ्यांच्या खाचेत.

गिळलेली वस्तू खाली जाते. वर येत नाही. त्याने कडी लावली. परत धरला. तिथेच.

रात्री दहाला... छातीच्या मध्यावर.

साडेबाराला... गळपट्टीच्या हाडाशी.

एव्हाना तोंडात चव आली होती. तीच. चुलीची. दातांत कचकच. चूळ भरली, करडं पाणी पडलं. परत भरली. परत करडं. आतून येत होतं. ढेकर आला, त्याला वास होता. तुपाचा आणि जळलेल्या केसांचा.

एक वाजून चाळीस मिनिटांनी त्याने शोधक गळ्यावर धरला. घूं थांबेचना. त्याला रुपालीला हाक मारायची होती.

तोंड उघडेना.

आरशात त्याने स्वतःचे ओठ पाहिले. सरळ रेघ.

मग मात्र त्याला कळलं. आपण काय केलंय, ते.

तो तसाच गाडी काढून ऑबर्नला गेला. सव्वादोनला नीलांबरीकाकूंनी दार उघडलं. जाग्याच होत्या. समोर श्रीरंग, अनवाणी. गळ्यावर हात.

‘‘काय झालं रे? रुचा बरी आहे ना?’’

‘‘म्म्...’’

‘‘बोल ना.’’

‘‘म्म्... म्म्...’’

त्याने बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. काकू बघत राहिल्या. मग त्यांनी आपली ओंजळ त्याच्या हनुवटीखाली धरली. आईने धरावी तशी.

‘‘उघड,’’ म्हणाल्या. ‘‘मी आहे.’’

ओठ सुटले. आधी राख आली. ओली, चिकट, लाळेत कालवलेली. ओंजळ भरली. बोटांमधून खाली सांडली. काकूंनी हात हलवला नाही. शेवटी टक् करून मणी पडला.

श्रीरंग उंबऱ्यावर गुडघ्यांवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. नदी, वॉल्ट, गाल, चहा. चाळणीसुद्धा. काकू चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘चहा पिताना तुला माहीत होतं?’’

‘‘हो.’’

‘‘गाडी काढ.’’

साडेतीन. नदी. चंद्र अजून उगवला नव्हता. गोट्यांवरून काकू त्याच्या खांद्याला धरून चालल्या. पाण्याशी आल्यावर म्हणाल्या, ‘‘दिवा बंद कर. तोंड फिरव.’’

त्याने तोंड फिरवलं.

पावलं पाण्यात गेली. एक. दोन. चार. मग थांबली.

काकूंचा आवाज आला. अगदी हळू, रोजचा.

‘‘अहो... मी आलेय.’’

पाणी वाहत होतं.

‘‘म्म्...’’

‘‘हो. आणलाय. आ करा.’’

...

काहीतरी उसवल्याचा आवाज आला. बारीक. टच्. थोड्या वेळाने परत. टच्. श्रीरंगने कान झाकून घेतले.

काकू परत आल्या तेव्हा ओंजळ रिकामी होती. उजव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंत राखाडी होती. त्या पुसायला गेल्या नाहीत. गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘घेतला त्यांनी.’’

चार वाजून अकरा मिनिटांनी फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर रुपालीचा आवाज, रडतच.

‘‘श्री, कुठे आहेस तू? रुचाने तोंड उघडलं! केवढी रडली रे मोठ्याने. दोन्ही बाजूंना दूध प्यायली. झोपलीय आता.’’

श्रीरंगने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून हुंदके देत रडला.

‘‘श्री...’’

‘‘हं.’’

‘‘तिच्या तोंडात काहीतरी होतं.’’

‘‘काय?’’

‘‘मी बोट घातलं. दोरा आहे रे. पांढरा, मेण लावलेला. ओढला तर येतच राहिला... कुठून आला? आपल्या घरात असला दोरा नाही.’’

काकू शेजारीच बसल्या होत्या. खिडकीबाहेर बघत होत्या.

आता उठा. वारा पडलाय, लाईट येतील. मशीन? ते त्याने त्याच आठवड्यात फुकट देऊन टाकलं. रुचा छान आहे. आता पोळीचा तुकडा मागून खाते. श्रीरंग मात्र सोन्याचं दुकान दिसलं तरी रस्ता बदलतो, आणि त्याच्या हातचा चहा काकू घेत नाहीत. मी तरी का घेईन?

तो दोरा मी पाहिलाय. रुपालीने झिपलॉकमध्ये ठेवलाय, फेकायचा धीर होत नाही तिला. हातभर आहे. कुठेही कापलेला नाही, उसवून निघालाय. आधी मला वाटलं, पिशवीत दमट राहिला असेल, म्हणून मी स्वतः तो काढून त्यांच्या डेकवर उन्हात टाकला. जूनचं ऊन, एकशे चार डिग्री फॅरेनहाइट. संध्याकाळी जाऊन हात लावला.

लाळेने ओला होता.